बराक ते सिव्हिल

सांगलीचे जिल्हा कारागृह पटवर्धन संस्थानिकांच्या गणेशदुर्गात, भर शहरात आहे. साताऱ्याचे जिल्हा कारागृहही शहरातच आहे. दोन्हीकडे सरकारी रुग्णालय रिक्षाने काही मिनिटांवर आहे: सांगलीत पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय. सांगलीला लागून असलेल्या मिरजेत विल्यम वानलेस यांचे मिशन हॉस्पिटल १८९४ पासून उभे आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ पासून चालू आहे, आणि उत्तर कर्नाटकातले रुग्णही तिथे उपचाराला येतात. त्यामुळे डॉक्टर जवळ नाहीत किंवा रुग्णालय लांब आहे, ही या दोन कारागृहांची अडचण नाही. खरी अडचण बराकीच्या दारापासून सिव्हिलच्या ओपीडीपर्यंतच्या वाटेत आहे. ती वाट कधी उघडायची, कोणी उघडायची आणि उघडल्यावर जबाबदारी कोणाची, यावर कैद्याचा उपचार अवलंबून असतो.

या वाटेविषयी दोन मते कायम समोरासमोर येतात. एक मत सुरक्षेची जबाबदारी अंगावर असलेल्यांचे आहे, दुसरे रुग्ण तपासणाऱ्यांचे. पुढील संवादात पहिले मत तुरुंगाधिकारी मांडतात आणि दुसरे सिव्हिलमध्ये कैदी रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टर. ही दोघे विशिष्ट व्यक्ती नसून त्या त्या मताचे प्रतिनिधी आहेत.

जिल्हा कारागृहात असते कोण, हे आधी पाहायला हवे. मोठ्या शिक्षेचे कैदी सहसा कोल्हापूरच्या कळंबा किंवा पुण्याच्या येरवडा मध्यवर्ती कारागृहात जातात. जिल्ह्याच्या ठिकाणी उरतात ते प्रामुख्याने न्यायाधीन बंदी, म्हणजे लोकांच्या बोलीतले कच्चे कैदी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस देशातील कारागृहांत ५,७३,२२० माणसे होती आणि जागा होती ४,३६,२६६ जणांची. त्यांपैकी ७५.८ टक्के न्यायाधीन होते. दर चारांतल्या तिघांवर गुन्हा सिद्ध झालेला नव्हता.

तुरुंगाधिकाऱ्यांचा पहिला आक्षेप इथेच येतो. “मॅडम, गुन्हा सिद्ध झालेला असो नसो, प्रश्न वाटणीचा आहे. जत तालुक्यातल्या वाडीवरची बाई तापाने फणफणते तेव्हा तिच्या दारात डॉक्टर उभा असतो का? माणमधला म्हातारा मोतीबिंदूसाठी दोन-दोन वर्षे थांबतो. त्यांनी कुणाचे काही बिघडवलेले नाही. त्यांना जे मिळत नाही ते आतल्याला आधी द्या म्हटले, तर लोक काय म्हणतील?”

“आधी द्या असे कोणीच म्हणत नाही, साहेब,” डॉक्टर म्हणतात. “बाहेरच्याला मिळते तेवढेच द्या, एवढीच मागणी आहे. जतची ती बाई एसटीने मिरजेला येऊ शकते, शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर बसू शकते, दागिना गहाण टाकून खासगी दवाखाना गाठू शकते. एका डॉक्टरने गुण आला नाही तर दुसऱ्याकडे जाते. बंद्याला यातले काहीही करता येत नाही. त्याच्या आजाराकडे पाहायचे की नाही, हे तुम्ही ठरवता. ज्याने त्याचा स्वतःहून डॉक्टर गाठायचा मार्ग बंद केला, त्यानेच डॉक्टर दिला पाहिजे.”

कायद्याची भूमिकाही हीच आहे. सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ साली सांगितले, की जखमी माणूस निरपराध असो वा गुन्हेगार, त्याचा जीव वाचवणे हे डॉक्टरचे पहिले कर्तव्य आहे. १९९६ च्या राममूर्ती विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात न्यायालयाने तुरुंगांपुढच्या ज्या नऊ समस्या मोजल्या, त्यांत आरोग्याकडे होणारे दुर्लक्ष ही एक होती. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये स्वीकारलेल्या मंडेला नियमांतील २४ वा नियम सांगतो, की कैद्याला समाजात उपलब्ध असलेल्या दर्जाची आरोग्यसेवा मिळावी, तीही विनामूल्य.

आता कैदी ज्या क्रमाने आत येतो आणि बाहेर पडतो, त्या क्रमाने पाहू.

कारागृह अधिनियम १८९४ चा आहे, पण त्याच्या २४ व्या कलमाची अपेक्षा आजही पुष्कळ आहे. आत येणाऱ्या प्रत्येक बंद्याची तपासणी व्हावी, अंगावरच्या जखमा आणि खुणा नोंदवल्या जाव्यात, प्रकृतीची अवस्था लिहिली जावी, असे ते सांगते. डी. के. बसू खटल्यातील निर्देशांनुसार पोलीस कोठडीतल्या माणसाची दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी व्हायला हवी. प्रत्यक्षात न्यायालयाचे कामकाज संध्याकाळी आटोपते, कैदी गाडी कारागृहाच्या दारात येते आणि दहा-बारा जणांना एकदम आत घ्यायचे असते. तेव्हा तपासणी म्हणजे ‘काही तक्रार आहे का?’ एवढा एकच प्रश्न उरू शकतो. सोबत आलेले पोलीस तिथेच उभे असताना त्याचे उत्तर बहुधा ‘नाही’ असेच येते.

सांगलीकरांना या नोंदीचे मोल समजावून सांगावे लागू नये. नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगली शहर पोलीस ठाण्याच्या कोठडीत एका तरुणाचा मृत्यू झाला, त्याचा मृतदेह आंबोलीला नेऊन जाळण्यात आला आणि पोलिसांवरच खुनाचा गुन्हा दाखल झाला. त्याला कारागृहाचा दरवाजा कधी दिसलाच नाही. पण जे त्या दरवाजापर्यंत पोचतात, त्यांच्या अंगावरची नोंद तिथल्या डॉक्टरांनी प्रामाणिकपणे केली, तर पोलीस कोठडीत काय घडले याचा पुरावा राहतो.

“त्यात आमचाही फायदा आहे, हे मान्य,” तुरुंगाधिकारी म्हणतात. “आधीची जखम नोंदवलेली नसेल तर ती आमच्या माथी बसते. पण रात्री आलेल्या माणसाला तपासायला डॉक्टर हवा ना? आमचा वैद्यकीय अधिकारी सकाळी येतो. तो रजेवर असला, की औषधनिर्माता सगळे सांभाळतो.”

डॉक्टरांना याहून अधिक काळजी पहिल्या तीन दिवसांची वाटते. रोज भरपूर दारू पिणारा माणूस अचानक आत आला, की दोन-तीन दिवसांत त्याचे हात थरथरू लागतात, घाम सुटतो, झोप उडते, नसलेली माणसे दिसू लागतात, तो आरडाओरडा करतो. बराकीतल्यांना आणि पहाऱ्यावरच्या शिपायाला ते नाटक वाटते, क्वचित अंगात आल्यासारखे वाटते. वैद्यकाच्या दृष्टीने ही जिवाला धोका असलेली अवस्था आहे. झटके येऊ शकतात आणि उपचाराविना माणूस दगावू शकतो. वेळेवर दिलेल्या साध्या, स्वस्त गोळ्यांनी ती टळते. त्यासाठी प्रवेशाच्या वेळी एकच प्रश्न पुरतो: शेवटची दारू कधी घेतली? फिट्सच्या गोळ्या, इन्सुलिन, क्षयाची औषधे, एचआयव्हीची औषधे यांच्याबद्दलही तेव्हाच विचारले पाहिजे. यांतले काहीही अटकेच्या गडबडीत घरी राहिलेले असते, आणि घरच्यांनी आणून दिले तरी दाराशीच अडकून पडते. एचआयव्हीची चाचणी मात्र २०१७ च्या कायद्यानुसार माणसाच्या संमतीशिवाय करता येत नाही. तुरुंगाची भिंत त्या संमतीला अपवाद नाही.

आतले रोजचे आजार साधेच असतात. दाटीवाटीने झोपणाऱ्या माणसांत खरूज एकाला झाली, की आठवड्याभरात सगळ्यांना होते. एकट्या रुग्णाला मलम देऊन उपयोग नसतो. अख्ख्या बराकीला एकाच दिवशी औषध लावावे लागते, सतरंज्या आणि कपडे उन्हात घालावे लागतात. क्षयाचेही तसेच आहे, फक्त तो गुपचूप पसरतो. दोन आठवड्यांहून जास्त खोकणाऱ्याचा बेडका तपासणे हा राष्ट्रीय कार्यक्रमाचा नियम बाहेर लागू आहे तसा आतही आहे. योग्य औषधे सुरू झाल्यावर थोड्याच आठवड्यांत रुग्णाकडून होणारा संसर्ग बराच घटतो. पण त्या आधीचे महिने तो बंद खोलीत, हातभर अंतरावरच्या माणसांत खोकत असतो. पहाऱ्यावरचा शिपाई तीच हवा घेऊन संध्याकाळी आपल्या लेकरांत जातो.

मधुमेही बंद्याची अडचण कारागृहाच्या घड्याळात आहे. संध्याकाळचे जेवण दिवस मावळायच्या आत होते आणि मग बराकी बंद होतात. पुढचे खाणे थेट सकाळी मिळते. इन्सुलिन घेणाऱ्याची साखर मध्यरात्री उतरली, तर हाताशी काही नसते. मूठभर फुटाणे किंवा गुळाचा खडा रात्रीसाठी जवळ ठेवू देण्याची लेखी परवानगी, एवढाच त्यावरचा उपाय आहे. अशा बारीक गोष्टींना कोणी सुधारणा म्हणत नाही, पण जीव वाचतात ते यांनीच.

आता खऱ्या वादाच्या जागेकडे येऊ. १८९४ च्या कायद्याच्या ३७ व्या कलमानुसार डॉक्टरला भेटू इच्छिणाऱ्या किंवा आजारी दिसणाऱ्या बंद्याची खबर त्याच्यावर नेमलेल्या शिपायाने विनाविलंब जेलरला द्यायची आणि जेलरने ती डॉक्टरपर्यंत पोचवायची. म्हणजे आजारी माणूस आणि डॉक्टर यांच्यामध्ये दोन माणसे उभी आहेत, आणि दोघांचेही शिक्षण वैद्यकाचे नाही.

“या दोन माणसांना मध्ये का ठेवले, तेही सांगतो,” तुरुंगाधिकारी म्हणतात. “सोंग घेणारे असतात, मॅडम. तारखेला जायचे नसले की पोट दुखते. दुसऱ्या टोळीतल्याला भेटायचे असले, की छातीत कळ येते. सिव्हिलला गेले की बाहेरची माणसे भेटतात, डबा मिळतो, मोबाइल मिळतो. शंभरांतल्या दहा जणांनी असे केले, तरी उरलेल्या नव्वदांकडे पाहायची नजर बदलते. माझ्या शिपायाला काही वैद्यकी येत नाही, पण माणूस ओळखता येतो.”

“माणूस ओळखता येतो म्हणूनच धोका आहे,” डॉक्टर म्हणतात. “ज्याने याआधी दोनदा सोंग केले, त्यालाच तिसऱ्यांदा खरा झटका येऊ शकतो. सोंग आहे की नाही, हेही निदानच आहे आणि निदान डॉक्टरने करायचे असते. ईसीजी काढायला दहा मिनिटे लागतात. तो चांगला आला तर तुमचा संशय खरा ठरतो, आणि तसा कागदही तुमच्या हातात राहतो. मंडेला नियमांतला २७ वा नियम सांगतो, की वैद्यकीय निर्णय वैद्यकीय माणसानेच घ्यावा आणि इतरांनी तो फिरवू नये. मला तुमच्याकडून एवढेच हवे आहे.”

तुरुंगाधिकारी यावर रात्रीचा प्रश्न काढतात, आणि तो खरा आहे. संध्याकाळची मोजणी झाली की बराकींना कुलपे लागतात. रात्री एखाद्याच्या छातीत दुखू लागले तर शिपाई गजाआडून पाहतो, वरिष्ठांना कळवतो, वरिष्ठ येतात, पुरेशी माणसे जमवून बराक उघडतात. त्यानंतर रुग्णवाहिका आणि त्याहून पुढे पोलीस गार्ड. हृदयविकाराच्या झटक्यात पहिला तास सर्वांत मोलाचा असतो. तो या साखळीत सहज निघून जातो. रात्रीच्या पाळीत निदान एक माणूस प्रथमोपचार शिकलेला असावा, ॲस्पिरिनची गोळी आणि ऑक्सिजनचा सिलिंडर हाताशी असावा, आणि छातीत दुखणे, श्वास अडकणे, बेशुद्धी, झटके व रक्तस्राव या पाच तक्रारींवर कोणाच्याही परवानगीसाठी न थांबता १०८ ला फोन जावा, यावर दोघांचे एकमत होते. पुढे मात्र होत नाही.

गाडी आली तरी कैदी पार्टीशिवाय, म्हणजे सोबतच्या पोलीस पहाऱ्याशिवाय, बंदी दाराबाहेर पडत नाही. ही पार्टी जिल्हा पोलीस मुख्यालय देते. गणेशोत्सव असो, निवडणूक असो, मंत्र्यांचा दौरा असो, तिची माणसे बंदोबस्ताला जातात. न्यायालयाच्या तारखांनाही तीच माणसे लागतात. मग सोनोग्राफीची तारीख हुकते, पुढची महिन्याने मिळते, तीही हुकते. हर्निया, मूळव्याध, मुतखडा, डोळे, दात यांचे रुग्ण असेच महिनोन् महिने कण्हत राहतात. कारण त्यांचा आजार तातडीचा नाही आणि पार्टी तातडीलाच मिळते.

“कैदी पळाला तर निलंबित कोण होते? तुम्ही की तो हवालदार?” तुरुंगाधिकारी विचारतात. त्यांच्या स्वरात राग कमी आणि अनुभव जास्त आहे. “तुमच्या चिठ्ठीवर मी माणूस बाहेर पाठवला, त्याने संडासाच्या खिडकीतून उडी मारली, की चौकशी माझी. पार्टीतल्या शिपायाची पगारवाढ जाते. तुमच्या केस पेपरवर कोणी ओरखडाही काढत नाही. या जिल्ह्यात तर तुरुंग फोडल्याची गोष्ट पोरांना शाळेत कळते.”

ती गोष्ट २४ जुलै १९४३ ची. वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार गणेशदुर्गातला हाच तुरुंग फोडून बाहेर पडले. पाठलागात अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव हुतात्मा झाले, दादांच्या खांद्याला गोळी लागली. आज त्याच तुरुंगातला आजारी बंदी ज्या रुग्णालयात नेला जातो, त्याला दादांचे नाव आहे. साताऱ्याच्या रुग्णालयाला नाव आहे ते प्रतिसरकारच्या नाना पाटलांचे. त्यांनीही १९४२ पूर्वी तुरुंग भोगला होता.

डॉक्टर याच दोन जिल्ह्यांतला दुसरा दाखला देतात. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी पोलिश अभियंते मॉरिस फ्रिडमन यांच्या प्रेरणेने १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत वसवली. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे, आटपाडी सांगली जिल्ह्यात. स्वतंत्रपुरात कैदी भिंतींशिवाय, कुटुंबासह राहून शेती करू लागले. ग. दि. माडगूळकरांनी लिहिलेला आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये पडद्यावर आणलेला ‘दो आँखें बारह हाथ’ या प्रयोगावरून सुचला. “भिंत नसली की माणूस पळतोच, हे खरे असते तर स्वतंत्रपूर महिनाभरही टिकले नसते,” असे त्या म्हणतात.

“तिथे निवडलेले पक्के कैदी जातात,” तुरुंगाधिकारी लगेच उत्तर देतात. “वर्षानुवर्षे वागणूक पाहून निवडलेले. माझ्याकडे काल पकडलेला येतो. त्याच्याबद्दल मला एफआयआरपलीकडे काही ठाऊक नसते.” हे उत्तर बरोबर आहे. पण त्यातूनच एक वाटही निघते. वागणूक पाहून मोकळीक देता येत असेल, तर धोका पाहून पार्टीची संख्याही ठरवता येईल. मुतखड्याने वाकलेला साठीचा माणूस आणि टोळीतला सराईत यांना सारखाच बंदोबस्त लावण्यात माणसे वाया जातात. हातकड्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केले होते, की न्यायालयाच्या परवानगीशिवाय कैदी रुग्णाला रुग्णालयाच्या खाटेला जखडता येत नाही.

मग डॉक्टर १९२४ मध्ये जातात. त्या वर्षीच्या जानेवारीत येरवड्यातल्या एका कैद्याच्या पोटात दुखू लागले. निदान अपेंडिक्सचे झाले आणि त्याला ससून रुग्णालयात हलवण्यात आले. मुंबईहून त्याच्या ओळखीचे डॉक्टर येईपर्यंत थांबणे धोक्याचे होते. १२ जानेवारीच्या रात्री कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली. मध्येच वीज गेली आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात झाले. तो कैदी म्हणजे महात्मा गांधी. ५ फेब्रुवारीला सरकारने त्यांची सुटकाही केली.

“गांधीजींसाठी सरकार धावले यात नवल काय? त्यांना काही झाले असते तर देश पेटला असता.”

“अपेंडिक्स फुटायला लागणारा वेळ कैद्याच्या नावावरून ठरत नाही, साहेब.”

उपाय म्हणून दोन दिशा पुढे येतात. पहिली दिशा रुग्ण बाहेर नेण्याऐवजी डॉक्टर आत आणण्याची. मिरज आणि साताऱ्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून त्वचा, मनोविकार, दात, डोळे आणि स्त्रीरोग यांचे तज्ज्ञ ठरलेल्या वारी कारागृहात गेले, तर कैदी पार्टीची गरज बरीच कमी होईल. मधुमेह, रक्तदाब आणि त्वचेच्या तक्रारींचा पाठपुरावा ई-संजीवनीसारख्या दूरवैद्यकीय सेवेतून करता येतो. पण पोटावर हात ठेवून पाहायचे असेल किंवा छातीची कळ असेल, तर पडद्यावरचा डॉक्टर पुरत नाही. तारखा व्हिडिओ कॉन्फरन्सवर होऊ लागल्या आहेत. त्यातून वाचलेली पार्टी रुग्णालयासाठी राखून ठेवावी, ही डॉक्टरांची मागणी तुरुंगाधिकाऱ्यांनाही पटते.

दुसरी दिशा प्रशासनाची आहे. कारागृहातले वैद्यकीय अधिकारी सामान्यतः आरोग्य विभागाकडून येतात, पण ते काम करतात ते गृह विभागाच्या आवारात आणि त्याच्या अधीक्षकाच्या छत्राखाली. नॉर्वेने १९८० च्या दशकातच कैद्यांची आरोग्यसेवा स्थानिक पालिकांकडे दिली. फ्रान्सने जानेवारी १९९४ च्या कायद्याने ती सार्वजनिक रुग्णालयांकडे सोपवली. इंग्लंडमध्ये २००६ पर्यंत ती पूर्णपणे राष्ट्रीय आरोग्यसेवेच्या हाती आली. अशा रचनेत डॉक्टरचा गोपनीय अहवाल, बढती आणि बदली तुरुंगाच्या हाती राहत नाही.

“खाते बदलल्याने रिकामी पदे भरत नाहीत,” तुरुंगाधिकारी सांगतात. “आदर्श कारागृह नियमावली ३०० बंद्यांमागे एक डॉक्टर सांगते. आधी तो माणूस द्या. तो आरोग्य विभागाचा असला तर माझी हरकत नाही. हरकत एकाच गोष्टीला आहे. निर्णय त्याचा असेल, तर कागदावर नावही त्याचेच हवे.” हा मुद्दा डॉक्टर मान्य करतात. ‘आज, तासाभरात’, ‘आठवड्यात’, ‘महिन्यात’ अशा तीन श्रेणी असाव्यात. श्रेणी डॉक्टरने सहीनिशी लिहावी. त्या मुदतीत पार्टी मिळाली नाही, तर का मिळाली नाही हे पोलीस मुख्यालयाने लिहून द्यावे. रुग्णाने तक्रार केली ती वेळ, डॉक्टरने पाहिले ती वेळ आणि दाराबाहेर पडला ती वेळ एकाच नोंदवहीत यावी आणि ती वही जिल्हा न्यायाधीशांनी कारागृहाच्या भेटीत तपासावी. पार्टीने नियमाप्रमाणे काम केले असेल, तर पलायनाबद्दल सरसकट निलंबन होऊ नये, ही तुरुंगाधिकाऱ्यांची अट. तीही रास्त आहे. शिपायाच्या भीतीवर उपाय झाला नाही, तर रुग्णाचीही वाट मोकळी होणार नाही.

रुग्णालयातल्या कैदी वॉर्डाबद्दल डॉक्टरांना बचावात जावे लागते. पैसा आणि वशिला असलेला बंदी तिथे आठवडे काढतो आणि खरा रुग्ण दोन दिवसांत परत धाडला जातो, ही तक्रार महाराष्ट्रात जुनी आहे, आणि ती डॉक्टरांच्या सहीशिवाय शक्य नाही. पाच दिवसांहून अधिक मुक्काम असेल तर तीन डॉक्टरांच्या मंडळाने दर आठवड्याला फेरतपासणी करावी, हे त्या स्वतःच सुचवतात.

काही आजारांवर कोणताही वॉर्ड पुरेसा नसतो, तेव्हा प्रश्न जामिनाचा होतो. आजारी किंवा अशक्त व्यक्तीला जामीन देण्याची मोकळीक कायद्याने न्यायालयाला दिलेली आहे. मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये तेलुगू कवी वरवरा राव यांना प्रकृतीच्या कारणावरून सहा महिन्यांचा जामीन दिला. त्याच खटल्यातले ८४ वर्षांचे फादर स्टॅन स्वामी यांना कंपवात होता. पेला धरता येत नसल्याने त्यांनी तळोजा कारागृहात पिण्यासाठी नळीचा कप मागितला होता. जामिनाची सुनावणी चालू असतानाच ५ जुलै २०२१ रोजी त्यांचा वांद्र्याच्या रुग्णालयात मृत्यू झाला. “ही मुंबईची, गाजलेली नावे,” असे तुरुंगाधिकारी म्हणतात. पण ज्याचे नाव कुठेच छापून येत नाही, त्याचा जामीन अर्ज वैद्यकीय कागदाशिवाय उभाच राहत नाही, आणि तो कागद वेळेवर देणे कारागृहाच्याच हाती असते.

मनाच्या आजारांची स्थिती सर्वांत वाईट आहे. २०२२ मध्ये देशातील कारागृहांत १,९९५ मृत्यू झाले. त्यांतले १५९ अनैसर्गिक होते आणि या १५९ मध्ये ११९ आत्महत्या होत्या. अटकेनंतरचे पहिले दिवस, जामीन फेटाळल्याची रात्र, घरून मुलाखतीला कोणी आले नाही तो आठवडा, या धोक्याच्या वेळा ठरलेल्या असतात. त्या शिपायाला डॉक्टरांहून आधी कळतात. तुरुंगाधिकारी मघाशी ‘माणूस ओळखता येतो’ म्हणाले होते, त्याचा खरा उपयोग इथे आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे कलम १०३ प्रत्येक राज्यात निदान एका कारागृहाच्या वैद्यकीय विभागात मनोरुग्णांसाठी सोय करायला सांगते. सातारा-सांगलीच्या गंभीर रुग्णाला येरवडा किंवा रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाची वाट धरावी लागते, आणि त्या लांबच्या वाटेला पुन्हा कैदी पार्टी लागते.

जिल्हा कारागृहात स्त्रिया थोड्याच असतात, म्हणून त्यांच्यासाठी स्वतंत्र सोय परवडत नाही असे सांगितले जाते. गरोदर बंदिनीची तपासणी, पाळीतला रक्तस्राव, आणि आईसोबत राहणाऱ्या सहा वर्षांखालील बाळाचे लसीकरण यांसाठी आठवड्यातून एकदा येणारी महिला डॉक्टर आणि जवळच्या नागरी आरोग्य केंद्रातली परिचारिका पुरेशी आहे. यावर तुरुंगाधिकाऱ्यांचा काहीच आक्षेप नाही.

मृत्यूंच्या आकड्यांतला मोठा भाग मात्र वेगळ्याच रकान्यात आहे. १,९९५ पैकी १,७७३ मृत्यू ‘नैसर्गिक’ म्हणून नोंदले गेले. तुरुंगाधिकारी म्हणतात, माणसे आधीच आजारी होऊन आत येतात, वय झालेले असते, यकृत गेलेले असते. डॉक्टर विचारतात, की उपचार मिळाला असता तर ज्यातला माणूस वाचला असता तो मृत्यूही याच रकान्यात जातो ना? राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला २४ तासांत कळवणे १९९३ पासून बंधनकारक आहे आणि कोठडीतल्या मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकारी करतात. चौकशीत मारहाण झाली का हे पाहिले जाते. शेवटच्या तक्रारीपासून रुग्णालयापर्यंत किती तास गेले, हेही तितक्याच बारकाईने पाहायला हवे. वर सांगितलेली वेळांची नोंदवही असेल, तरच ते पाहता येईल.

राहता राहिली सुटका. १८९४ च्या कायद्याचे २६ वे कलम सांगते, की तीव्र किंवा धोकादायक आजार असलेल्या बंद्याला, सोडणे सुरक्षित आहे असे डॉक्टरने म्हटल्याशिवाय, त्याच्या इच्छेविरुद्ध बाहेर काढू नये. आजच्या सुटकेची तऱ्हा निराळी आहे. जामिनाचा आदेश संध्याकाळी येतो, नातेवाईक दाराशी थांबलेले असतात, बंदी अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडतो. त्याच्या क्षयाच्या गोळ्या कारागृहाच्या दवाखान्यातल्या कपाटात राहतात. सहा महिन्यांचा कोर्स तिसऱ्या महिन्यात तुटतो आणि पुढे औषधांना दाद न देणारा क्षय खटाव किंवा कवठेमहांकाळच्या एखाद्या घरात शिरतो. एचआयव्हीच्या औषधांतही असाच खंड पडतो. क्षयरुग्णाचा निक्षय नोंदणी क्रमांक त्याच्यासोबत कुठेही चालतो, पण त्या क्रमांकाचा कागद त्याच्या खिशात असायला हवा.

“सुटका मी अडवू शकत नाही,” तुरुंगाधिकारी म्हणतात. “आदेश आला की तासाभरात माणूस बाहेर गेला पाहिजे. नाहीतर बेकायदा कोंडल्याचा आरोप माझ्यावर.”

“अडवू नका. ज्यांची औषधे चालू आहेत त्यांची यादी आधीपासून गेटवर ठेवा. पंधरा दिवसांच्या गोळ्या, केस पेपरची प्रत आणि गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचे नाव, अशी पाकिटे दर सोमवारी तयार करून ठेवता येतील.”

“पाकिटे तुमचा औषधनिर्माता भरणार असेल, तर गेटवर कपाट मी देतो,” तुरुंगाधिकारी म्हणतात. “यादी मात्र रोज बदलते. ती दर सोमवारी नको, रोज सकाळच्या मोजणीबरोबर द्या.”